फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाई : रोग्याकडे पाहण्याची विद्या

गांवांत कोणी आजारी पडलें म्हणजे आपण त्याच्या समाचारास जातों. उंबरठ्यावरूनच प्रकृति कशी आहे म्हणून विचारतों. आजारी मनुष्य संकोचानें बरें आहे असें सांगतो. आपण प्रार्थना करितों, धीराचे दोन शब्द बोलतों आणि घरीं परत येतों. इतक्यानें आपलें कर्तव्य झालें असें आपणांस वाटतें. परंतु त्या मनुष्यानें कालपासून किती खाल्लें, रात्रीं तो किती वेळ झोंपला, त्याचा श्वास कसा चालला आहे, ज्या खोलींत तो पडला आहे तेथें वारा येतो कीं नाहीं, हें आपण पाहिलेलें नसतें. रोग्यावर प्रीति करणें निराळें आणि रोग्याकडे पाहतां येणें निराळें. प्रीति असूनहि पाहण्याची विद्या नसेल तर रोगी हातचा जातो. ही गोष्ट ज्या बाईनें जगास शिकविली, आणि जिला ती स्वतः फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली, तिचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

बालपण व पाचारण

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिचा जन्म १२ मे १८२० रोजीं इटली देशांतील फ्लॉरेन्स शहरीं झाला. तिचे आईबाप इंग्रज असून फार श्रीमंत होते. लग्नानंतर तीं उभयतां युरोपांत प्रवास करीत असतां त्यांस दोन मुली झाल्या. थोरली नेपल्स शहरीं जन्मली म्हणून तिला त्या शहराचें जुनें ग्रीक नांव पार्थेनोपी हें ठेविलें, आणि धाकटीला तिच्या जन्मस्थानाचें नांव दिलें. पुढें हें कुटुंब इंग्लंडास परत आलें. डर्बीशायर परगण्यांत एक व हँपशायर परगण्यांत एक, अशीं दोन मोठीं घरें त्यांचीं होतीं. बाप विद्वान होता. त्यानें मुलींस स्वतः घरींच लॅटिन, ग्रीक व इतर भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय शिकविले. फ्लॉरेन्सला गणिताची गोडी विशेष होती. आंकडे मांडावे, याद्या कराव्या, जें पाहिलें तें वहींत टिपून ठेवावें, ही तिची लहानपणापासूनची संवय. ही संवय पुढें पुष्कळांचे प्राण वांचविण्यास कारण झाली.

७ फेब्रुवारी १८३७ रोजीं, सोळा वर्षांची असतां, ईश्वरानें आपणांस त्याच्या सेवेस बोलाविलें आहे अशी तिची खातरी झाली. ती सेवा कोणती हें मात्र तिला कळलें नाहीं. आसपासच्या गरिबांच्या झोंपड्यांतून आजाऱ्यांस भेटतां भेटतां आपलें काम शुश्रूषेचें आहे असा तिचा निश्चय हळूहळू झाला. १८४५ सालीं सॉल्झबरी येथील इस्पितळांत राहून कांहीं महिने शिकावें अशी परवानगी तिनें मागितली. घरच्यांनीं कडक नकार दिला. त्यांस एकदम दोष देणें बरोबर नाहीं. त्या काळीं इस्पितळांत काम करणाऱ्या बायका बहुधा अडाणी असत, पुष्कळ दारू पीत, आणि कुलीन घराण्यांतील मुलीनें तेथें पाय ठेवणें ही बेअब्रू समजली जाई. आपल्या देशांतहि हें काम पुष्कळ दिवस हलकेंच मानलें गेलें, हें वाचकांस ठाऊक आहे.

तिनें घर सोडलें नाहीं आणि आशाहि सोडली नाहीं. पहांटे सर्व घर निजलें असतां ती दिवा लावून निरनिराळ्या देशांतील इस्पितळांचे अहवाल वाची व त्यांतील आंकडे उतरून घेई. १८४९ सालीं एका सुशील व नामांकित गृहस्थाची मागणी आली असतां, मनांत ओढ असूनहि, तिनें ती नाकारिली.

जर्मनी देशांत ऱ्हाइन नदीच्या कांठीं कैसरस्वर्थ नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील पाळक थिओडोर फ्लीडनर व त्यांची पत्नी फ्रीडेरिका ह्यांनीं १८३६ सालीं एक इस्पितळ व सेविकांचें घर उघडिलें होतें. मंडळी गरीब, पैसा थोडा. तरी तेथें ख्रिस्ती स्त्रियांस शुश्रूषेचें शिक्षण मिळत असे. १८५० सालीं फ्लॉरेन्सनें हें ठिकाण पाहिलें, आणि १८५१ सालीं सुमारें तीन महिने तेथें राहून काम केलें. तेथील स्वच्छता व प्रत्यक्ष शुश्रूषा तिला उणी वाटली. परंतु तेथल्यासारखी निष्ठा व निर्मळ वृत्ति दुसरीकडे क्वचितच दिसली असें तिचें मत झालें. निष्ठा आहे पण विद्या कमी, हें उदाहरण तिनें त्याच वेळीं पाहिलें होतें.

१८५३ सालीं लंडन येथें आजारी स्त्रियांच्या एका लहान संस्थेची व्यवस्था तिच्याकडे आली. पगार न घेतां तिनें हें काम स्वीकारिलें, आणि रोग्यांस हांक मारण्यासाठीं घंटा व प्रत्येक मजल्यावर गरम पाणी नेण्याची सोय करविली. येथून पुढें आपण तिला नाइटिंगेल बाई म्हणूं.

स्कुतारीचें इस्पितळ

१८५४ सालीं इंग्लंड व फ्रान्स ह्यांनीं तुर्कस्थानाचा पक्ष घेऊन रशियाशीं युद्ध आरंभिलें. लढाई क्रिमिया द्वीपकल्पांत चालली होती. जखमी व आजारी इंग्रज सैनिकांस जहाजांवर घालून काळ्या समुद्रापलीकडे, आज इस्तंबूल म्हणतात त्या शहरासमोरील स्कुतारी येथें आणीत. तेथें तुर्की फौजेच्या एका प्रचंड बराकीचें इस्पितळ केलें होतें. सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांत येतांच इंग्लंडांत मोठा क्षोभ झाला. त्या वेळचे युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट हे बाईंचे स्नेही होते. त्यांच्या विनंतीवरून बाई २१ ऑक्टोबर १८५४ रोजीं ३८ स्त्रियांस घेऊन निघाल्या. त्यांत रोमन कॅथॉलिक जोगिणी होत्या, इंग्लंडच्या चर्चच्या सेविका होत्या, आणि इस्पितळांत पोट भरणाऱ्या साध्या नर्साहि होत्या.

४ नोव्हेंबर रोजीं त्या स्कुतारीस पोंचल्या. रोगी इतके कीं खाटांच्या रांगा मैलोगणती लांब. जमिनीवरहि माणसें निजलेलीं. अंगावर रक्तानें भरलेले तेच कपडे. उवा व उंदीर ह्यांचा सुकाळ. भांडीं नाहींत, साबण नाहीं, पुरेसें पाणी नाहीं. इतकें असूनहि पुष्कळ डाक्तरांस ह्या बायका नकोशा होत्या. बाईंनीं भांडण केलें नाहीं. डाक्तर बोलावीपर्यंत कोणीहि वार्डांत जाऊं नये असा त्यांनीं आपल्या स्त्रियांस हुकूम दिला, आणि त्यांस पट्ट्या व उशा शिवावयास बसविलें. थोड्याच दिवसांत नव्या लढाईतील जखमी येऊन लोटले, आणि डाक्तरांनींच मदत मागितली.

मग बाईंनीं घासण्याचे ब्रश मागवून जमिनी घासविल्या. एक घर भाड्यानें घेऊन तेथें पाणी तापविण्याचीं मोठीं पात्रें बसविलीं, आणि सैनिकांच्या बायकांस मजुरी देऊन कपडे धुवविले. अशक्त रोग्यांसाठीं वेगळें स्वयंपाकघर काढिलें. रात्रीं सर्व निजल्यावर त्या हातांत कापडी घडीचा तुर्की कंदील घेऊन एकट्याच खाटांमधून फिरत. मरणाऱ्याजवळ बसत आणि त्याच्या आईला किंवा पत्नीला पत्र लिहीत. ह्याच फेऱ्यांवरून दिवा घेतलेली बाई असें त्यांचें नांव सर्व इंग्लंडांत झालें.

बहुतेक पुस्तकांत त्यांचें चरित्र येथेंच संपतें. परंतु खरी शिकवण पुढें आहे.

मेलेल्यांची मोजणी

इतका प्रयत्न होऊनहि स्कुतारीचें मरण थांबलें नाहीं. उलट बाई आल्यानंतरच्या तीन महिन्यांत तें वाढत गेलें. फेब्रुवारी १८५५ मध्यें दर शंभर रोग्यांमागें सुमारें ४२ जण मेले. त्या एका हिंवाळ्यांत तेथें सुमारें ४,००० सैनिक मृत्यु पावले. पुष्कळ जण जखमेनें नव्हे, तर ज्वर, हगवण व पटकी ह्यांनीं मेले.

मार्च १८५५ मध्यें सरकारनें पाठविलेलें आरोग्य-मंडळ आलें. त्यानें जमिनीखालीं पाहिलें. इस्पितळ तुंबलेल्या गटारांवर उभें होतें. त्यांची दुर्गंधी नळांतून वर वार्डांत येत होती. ज्या मार्गानें पिण्याचें पाणी येई त्यांत मेलेल्या घोड्याचें कलेवर सांपडलें. मंडळानें गटारें धुवविलीं, शेंकडों गाडे घाण व मेलेलीं जनावरें काढविलीं, भिंतींस चुना दिला, वारा येण्यास वाटा केल्या. मरण झपाट्यानें उतरलें. जूनपर्यंत शंभरांमागें सुमारें दोनच मरूं लागले.

बाई स्वतः मे १८५५ मध्यें क्रिमियांत गेल्या असतां तापानें आजारी पडल्या आणि मरतां मरतां वांचल्या. युद्ध संपल्यावर, ऑगस्ट १८५६ मध्यें, मिरवणूक व सत्कार टाळण्यासाठीं खोटें नांव घेऊन त्या गुपचूप घरीं आल्या. सर्व राष्ट्र त्यांस धन्य म्हणत होतें. दुसऱ्या कोणी असत्या तर त्या मानांतच पुढील आयुष्य घालविलें असतें.

त्या मेलेल्यांची मोजणी करावयास बसल्या. विल्यम फार नांवाचे आंकडेशास्त्रज्ञ त्यांस साह्य करीत होते. सैनिक उपाशी, थंडीनें गारठलेले व मरणोन्मुख स्थितींत येत म्हणूनच मरत, असें बाईंस इतके दिवस वाटत असे. आंकडे निराळें बोलले. लढाईच्या जागेजवळील लहान इस्पितळांपेक्षां स्कुतारीच्या मोठ्या इस्पितळांतच अधिक माणसें मेलीं होतीं. आपण वर चादरी धूत होतों आणि खालीं गटार तुंबलें होतें. आपण दिवा घेऊन ज्यांच्याजवळ बसलों त्यांस ती इमारतच मारीत होती. आणि आपल्याला तें दिसलें नाहीं. गटारें त्यांच्या अधिकारांत नव्हतीं हें खरें. तरी त्यांनीं त्या सबबीमागें आश्रय घेतला नाहीं. सैन्याच्या आरोग्याविषयीं एक मोठा ग्रंथ लिहून त्यांनीं तो १८५८ सालीं खासगी रीतीनें छापविला व अधिकाऱ्यांच्या हातीं दिला, आणि त्यांत स्कुतारीचे आंकडे उघड मांडिले. ज्यांस लांबलचक कोष्टकें वाचण्याचा कंटाळा, त्यांच्यासाठीं एक युक्ति केली. वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा भाग पाडून, टाळतां येण्याजोग्या रोगांनीं मेलेले निळ्या रंगानें, जखमांनीं मेलेले तांबड्या रंगानें आणि इतर कारणांनीं मेलेले काळ्या रंगानें दाखविले. निळा रंग इतका पसरलेला होता कीं पाहणारास दुसरें कांहीं सांगण्याची गरज राहिली नाहीं. त्याच सालीं लंडनच्या आंकडेशास्त्र-मंडळानें त्यांस सभासद करून घेतलें. त्या मंडळाच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद होत.

स्वतःच्या सेवेचा दोष स्वतः मोजून लोकांपुढें ठेवणें हें रणांगणावर जाण्याहून कठीण आहे. ह्या मोजणीनंतर बाईंची प्रकृति ढासळली. पुढील पुष्कळ वर्षें त्या बहुधा खोलींत व बिछान्यावरच राहिल्या. आणि त्यांचें सर्वांत मोठें काम तेथूनच झालें.

रोग्याकडे कसें पाहावें

सन १८५९ च्या अखेरीस बाईंचें शुश्रूषेविषयींचें लहानसें पुस्तक बाहेर पडलें. तें डाक्तरांसाठीं नव्हतें. प्रत्येक घरांत केव्हां ना केव्हां आई, मुलगी किंवा बहीण ह्यांच्या हातीं कोणाचा तरी जीव सोंपविलेला असतो, त्यांच्यासाठीं तें होतें. घर निरोगी राहण्यास पांच गोष्टी अवश्य, असें त्यांनीं सांगितलें: शुद्ध हवा, शुद्ध पाणी, सांडपाणी जाण्याची वाट, स्वच्छता आणि उजेड. रोग्याला थंडी लागूं न देतां त्याच्या खोलींतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवणें हा त्यांचा पहिला नियम. दाराबाहेर कुजबुज करूं नये, कारण आपल्याविषयींच बोलत आहेत असें रोग्यास वाटून तो कान देतो व शिणतो. त्याला झोंपेंतून दचकवूं नये. न खाल्लेलें अन्न त्याच्या उशाशीं ठेवूं नये, कारण पाहून पाहून त्याची उरलेली इच्छाहि मरते. तूं लवकर बरा होशील असें न पाहतांच म्हणणाऱ्या पाहुण्यांवर तर त्यांनीं एक सबंध प्रकरण लिहिलें आहे. अशा पोकळ धीरानें रोग्यास एकटें वाटतें, कारण आपली खरी स्थिति कोणी जाणत नाहीं हें त्यास कळतें.

ह्या पुस्तकाचा गाभा म्हणजे रोग्याच्या निरीक्षणाचें प्रकरण होय. बाई म्हणतात कीं, रोगी बरा आहे काय, हा प्रश्न निरुपयोगी आहे. उत्तर देणारा आपल्या समजुतीप्रमाणें उत्तर देतो. रात्र चांगली गेली काय, असेंहि विचारूं नये. एकाला दोनदां जाग आली तर ती वाईट रात्र वाटते, आणि दुसऱ्यास दोन तास झोंप लागली तर ती चांगली वाटते. किती तास झोंप लागली आणि कोणत्या वेळीं, असें विचारावें. जेवला काय, असें न विचारतां काय खाल्लें, किती खाल्लें, केव्हां खाल्लें हें विचारावें. रोगी खात नाहीं, एवढें म्हणून भागत नाहीं. अन्न नीट शिजलें नाहीं म्हणून खात नाहीं, कीं तें अन्न त्याच्यासाठीं योग्य नाहीं म्हणून, कीं दिलेली वेळ चुकीची म्हणून, कीं खरोखरच भूक मेली म्हणून? हीं चार कारणें निरनिराळीं असून प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. डाक्तर आल्यावर रोग्याचा चेहरा उल्हासानें उजळतो आणि तो आहे त्याहून बरा दिसतो. म्हणून दिवसभर जवळ राहणाऱ्याची साक्ष मोलाची, पण ती साक्ष नेमकी असेल तरच. हें निरीक्षण माहिती जमविण्यासाठीं नव्हे, तर जीव वांचविण्यासाठीं व रोग्यास आराम देण्यासाठीं आहे, हें त्यांनीं वारंवार बजाविलें.

लोकांनीं कृतज्ञतेनें जमविलेल्या निधींतून १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळांत परिचारिकांची शाळा उघडली. तेथें जखम बांधणें व बिछाना करणें ह्यांबरोबर नाडी, त्वचा, श्वास, झोंप, भूक, थुंकी, जखमेची स्थिति, शुद्धि कीं भ्रम, आणि औषधाचा व अन्नाचा परिणाम हें सर्व पाहून नेमकें सांगण्याचें शिक्षण विद्यार्थिनींस देत. आज कोणत्याहि इस्पितळांत नर्स रोग्याच्या खाटेशीं येऊन ताप, नाडी व श्वास मोजते आणि कागदावर मांडिते, त्या शिस्तीचा पाया घालण्यांत बाईंचा व ह्या शाळेचा वांटा फार मोठा आहे.

बाई सर्वज्ञ नव्हत्या. दुर्गंधीयुक्त हवेनेंच रोग उत्पन्न होतात असें त्या मानीत, आणि रोगजंतूंविषयींचें नवें ज्ञान त्यांनीं बराच काळ स्वीकारिलें नाहीं. तथापि घाण काढा, पाणी शुद्ध ठेवा, हात धुवा, हा त्यांचा उपाय जंतूंसहि लागू पडला.

हिंदुस्थानाविषयीं कळकळ

हिंदुस्थानांत बाई कधींच आल्या नाहींत. परंतु चाळीसाहून अधिक वर्षें त्यांनीं ह्या देशाचा विचार केला. येथील इंग्रज फौजेच्या आरोग्याविषयीं १८५९ सालीं चौकशी-मंडळ नेमलें, तेव्हां त्यांच्या साह्यानें प्रश्नांची यादी तयार होऊन ती लष्करी ठाण्यांस गेली. पाणी कोठून येतें, तें कशांत भरितात, सांडपाणी कोठें जातें, असे ते प्रश्न होते. रोग्यास जसे नेमके प्रश्न विचारावे तसेच त्यांनीं एका देशास विचारिले. १८६३ च्या अहवालांत दिसून आलें कीं दर हजार इंग्रज सैनिकांमागें वर्षास ६९ मरत. सुधारणा झाल्यावर दहा वर्षांनीं हें प्रमाण १८ वर आलें.

परंतु बराकीबाहेरचें गांव घाणींत असेल तर बराक निरोगी राहत नाहीं, हें त्यांस कळून आलें. आणि त्यांचें लक्ष रयतेकडे, दुष्काळाकडे, कालव्यांकडे व खेड्यांकडे वळलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं त्यांनीं खेड्यांच्या स्वच्छतेविषयीं पत्रव्यवहार केला. समाजसुधारक बेहरामजी मलबारी ह्यांच्या १८९२ सालीं निघालेल्या चरित्रास त्यांनीं प्रस्तावना लिहिली. केवळ कायद्यानें खेडें स्वच्छ होत नाहीं. शिकलेल्या स्त्रियांनीं घरोघर जाऊन आयांशीं त्यांच्याच बोलींत बोलावें, हें त्यांचें उतारवयांतील आवडतें म्हणणें होतें.

१९०७ सालीं राजानें त्यांस ऑर्डर ऑफ मेरिट ही पदवी दिली. ती मिळविणारी ही पहिली स्त्री. १३ ऑगस्ट १९१० रोजीं, नव्वद वर्षांच्या होऊन, त्या लंडन येथें निजल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीमध्यें पुरण्याचा मान देऊं केला असतां कुटुंबानें तो नाकारिला. हँपशायरमधील एका खेड्याच्या मंदिराशेजारीं, आईबापांजवळ, त्यांस मूठमाती दिली. दगडावर त्यांच्यासाठीं नांवाचीं आद्याक्षरें व जन्ममृत्यूच्या तारखा एवढेंच कोरलें आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ मे, आज जगभर परिचारिकांचा दिवस म्हणून पाळितात.

आपण काय घ्यावें

प्रिय वाचकहो, चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपणांस पाठ आहे. याजकानेंहि त्या जखमी मनुष्यास पाहिलें, लेव्यानेंहि पाहिलें. पण शोमरोनी जवळ गेला, आणि जखमा कोठें आहेत हें पाहिल्यावांचून त्या बांधतां येत नाहींत. प्रीतीला डोळे असावे लागतात.

गांवचा उपदेशक डाक्तर नव्हे, व त्यानें डाक्तर होऊं नये. परंतु पुढल्या वेळीं आजाऱ्याच्या घरीं जाल तेव्हां उंबरठ्यावरून परत येऊं नका. रोग्यास तुम्ही दिसाल असे त्याच्यासमोर बसा. वारा येण्यास वाट आहे कीं नाहीं तें पाहा. काय खाल्लें, किती पाणी प्यालें, किती वेळां उलटी किंवा जुलाब झाला, लघवी केव्हां झाली, झोंप किती वेळ लागली, हें घरच्यांस विचारा. लहान मूल असेल तर त्याचा श्वास घड्याळ लावून मोजा, आणि तें दूध ओढतें कीं मलूल पडून आहे तें पाहा. हें सर्व कागदावर वेळेसह लिहा, तो कागद रोग्याबरोबर दवाखान्यांत द्या, आणि नेण्यास उशीर करूं नका. मग प्रार्थना करा. आणि एखादा आपल्या देखत दगावला तर ईश्वराची इच्छा म्हणून वही मिटूं नका. आपणांस काय दिसलें नाहीं हें नाइटिंगेल बाईंप्रमाणें धैर्यानें शोधा, म्हणजे त्याच घरांतील दुसरा वांचेल.